डाव्या हातातल्या बांगड्या

"या हातात बांगडी नाही. काचेची नाही, सोन्याची नाही, लाखेची नाही. आणि हे तुमच्या आईला सांगत बसू नका, ती ऐकेलच. घरात बायकांना बांगड्या भरायला जी बसवते ना, तिला सांगा."

धुळ्याच्या कुवर डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा कामिनी आपल्या मुलीच्या, पिहूच्या, तोंडातून डॉक्टरांच्याच टेबलावरचा कागद ओढून काढत होती. "हो हो, सांगते," ती म्हणाली. मनात म्हणाली, म्हातारा जरा पाल्हाळच लावतो. बांगडी घालायची नाही, संपलं. त्यात भरणारी कोण नि बसवणारी कोण?

जळगावला घरी आल्यावर तिने माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की आईच्या डाव्या हाताला घट्ट काही नको, त्या हाताचं बीपी नको, त्या हाताने कळशी नको. भावाने, प्रेमराजने, अंगठा टाकला. वहिनीने, दीपमालाने, जोडलेले हात टाकले. बी.एस्सी. झालेल्या कामिनीच्या लेखी काम झालं. आत्याकडे, म्हणजे अक्काकडे, बटणाचा फोन आहे आणि त्यात ग्रुप नसतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तर आधी हाताचं सांगायला हवं.

कामिनीची आई सुगंधाबाई साक्रीला राहते. तिच्या दोन्ही किडन्यांनी हळूहळू काम सोडलं. किडनी कामिनीचे वडील, वनानाना देणार होते. तपासण्या जुळल्या होत्या आणि दिवाळीनंतर नाशिकला ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तोवर आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस. डायलिसिसला रक्त जोरात बाहेर यावं लागतं, आणि आपल्या हातावरच्या शिरा पडल्या नाजूक. म्हणून कुवर डॉक्टरांनी सुगंधाबाईंच्या डाव्या मनगटाशी एक शीर आतल्या धमनीला शिवून टाकली. धमनीचं जोरकस रक्त शिरेत शिरलं, शीर महिना-दीड महिन्यात फुगून दणकट झाली आणि तिच्यात सुया बसू लागल्या. त्या जोडावर बोटं ठेवली की आतून थरथर लागायची. झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी.

"ही थरथर आहे तोवर तुमची आई आहे," डॉक्टर म्हणाले होते. "रोज सकाळी बघायची. चहाच्या आधी."

कुवर डॉक्टर मूळचे साक्रीच्याच पलीकडचे. मुंबईला शिकून ते धुळ्याला परतले तेव्हा थ्रेशरमध्ये नाहीतर चरकात कुणाचा हात गेला की तो कापून टाकायचा, एवढाच त्यांच्या आसपासचा रिवाज होता. डॉक्टरांनी तुटलेल्या धमन्या शिवायला सुरुवात केली. आधी हात बसावा म्हणून खाटकाकडून बकऱ्याच्या रक्तवाहिन्या आणायचे आणि भिंगाखाली शिवत बसायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, डॉक्टरचा दवाखाना चालेना वाटतं, मटणाला टाके घालतोय. मग एका पोराचा कोपरापासून लोंबणारा हात त्यांनी जागेवर बसवला. त्यानंतर लोक गप्प बसले. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन माणसं आता नाशिकला किडन्या बसवत होती.

पहिल्या भेटीत कामिनीने विचारलं होतं, एवढीशी नळी शिवतात तरी कशी? डॉक्टरांनी पिहूच्या पायातला मोजा काढून घेतला आणि त्याचं तोंड तिच्यासमोर धरलं.

"हे गोल. आता शिवा. सुई टोचली की समोरची बाजूपण सुईत येते, नळी बंद. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका तरुण सर्जनला हीच अडचण आली. तो काय करतो, तर बारीक भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे जाऊन सुई धरायला शिकतो. आणि मग असं." त्यांनी मोज्याचं तोंड तीन ठिकाणी चिमटीत धरून ताणलं. "तीन टाके, तीन बाजूंना ओढायचे. गोलाचा झाला त्रिकोण. आता प्रत्येक बाजू सरळ. सरळ शिवण तुम्हालाही येते. किडनी बसवतात म्हणजे तरी काय, ह्याच शिवणीवर रक्ताच्या नळ्या जोडतात आणि लघवीला वाट करून देतात. त्या माणसाला नोबेल मिळालं."

"आणि तुम्हाला, सर?"

"मला पेशंटच्या घरचे मिळतात. मी शिवतो, ते उसवतात."

तेव्हा कामिनी हसली होती.

श्रावणात कानबाई आली. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी मांडतात आणि सोमवारी नदीवर बोळवतात. भाऊबंद जमतात, नैवेद्याचे रोट होतात. लग्न झालेल्या लेकीला कामिनीच्या माहेरी रोटाचा घास नसतो, ती दुसऱ्या कुळाची झालेली असते. तरी ती दरवर्षी जायची. या वर्षी नवरा, योगराज, भुसावळला ड्युटीवर अडकला होता, म्हणून पिहूला काखोटीला मारून ती एकटीच एसटीने निघाली. पारोळा गेलं, धुळे गेलं. बाळ दोनदा अंगावर ओकलं. साक्रीत उतरली तेव्हा दुपार कलली होती.

दारात नवी पिकअप उभी. प्रेमराज तीत भाजी वाहायचा. उद्याच्या मिरवणुकीत स्पीकर ठेवायला ती केळीच्या खांबांनी आणि झेंडूच्या माळांनी सजवली होती. आत पुरणाचा वास, बायकांचा कलकलाट. सुगंधाबाई ओट्याला टेकून बसल्या होत्या. नवं हिरवं लुगडं, डावा हात पदराखाली.

"आई, हात दाखव."

"आल्या-आल्या काय गं? पोरीला दे इकडे."

"हात दाखव आधी."

सुगंधाबाईंनी उजवा हात पुढे केला. कामिनीने पदर उचलला. डाव्या मनगटापासून वर, अगदी दाटून, हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेल्या होत्या. एकही हलत नव्हती. बांगड्यांखाली लाल नाडा गुंडाळलेला. त्याच्या खाली हात सुजून चकचकीत झाला होता.

कामिनीने पिहूला खाली ठेवलं. बांगड्यांच्या फटीतून दोन बोटं घातली. काही लागलं नाही. तिने बोटं आपल्या गालाला घासली, पुन्हा ठेवली. मग वाकून बांगड्यांवर कान ठेवला. आईच्या हाताला हळदीचा वास येत होता. आत मांजर नव्हतं.

"कधी भरल्या?"

"काल दुपारी कासारीण आली होती. सगळ्यांनीच भरल्या." सुगंधाबाई मुलीकडे बघत नव्हत्या. "अक्का म्हणाल्या सैल नको, सैल वाजतात, फुटतात. सणाला बांगडी फुटायला नको."

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हटलं डॉक्टर नको म्हणतात. त्या म्हणाल्या, डॉक्टरच्या घरी कानबाई बसते का?"

अक्का म्हणजे वनानानांची थोरली बहीण, द्रौपदाबाई, साक्रीतच दिलेली. नाना लहान असताना आई गेली, अक्काने त्यांना कडेवर वाढवलं. घरात सण, लग्न, बारसं काहीही असो, कुणी काय नेसायचं नि कुणाला काय भरायचं, हे अक्का ठरवते. कामिनीला एकदम कुवर डॉक्टरांचं टेबल आठवलं. घरात भरायला जी बसवते, तिला सांगा. तिने दात आवळले. राग डॉक्टरांवर काढावा की स्वतःवर, हेही तिला धड ठरवता येईना.

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले. थरथर कधीपासून नाही? बांगड्या अजून हातात आहेत?

"मग माझ्याशी बोलत काय बसलात? काढा त्या आणि आणा. उद्या आणाल तर मी काही करू शकणार नाही. शीर गेली तर मानेत नळी घालावी लागेल. मानेच्या नळीतून ताप शिरतो. ताप आला की नाशिकवाले तारीख पुढे ढकलतात. पुढे म्हणजे कुठे, ते मला विचारू नका."

कामिनी बांगड्या काढायला बसली. साबण लावला, तेल लावलं. सुजलेल्या हातावरून एकही सरकेना. तिने वरवंटा उचलला तशी अक्का माजघरातून बाहेर आली. सत्तरीची, ताठ, कपाळभर कुंकू.

"काय करी रायनी तू? आज सणना दिन शे. सवासीन बाईन्या बांगड्या फोडशी?"

"अक्का, त्यात रक्त गोठलंय."

"रगत गोठस का बांगडीनी? आमना बठ्ठा जलम गया बांगड्या भरता भरता. आमनं कोनं गोठनं?"

"तुमच्या हातात शिवण नव्हती."

"शिवन शे ते सकाय काढसूत. कानबाई बोयावली की काढसूत."

सुगंधाबाईही म्हणाल्या, "राहू दे गं, उद्यापर्यंत काय होतंय? मला दुखत तर नाहीये." हे ऐकून कामिनीला रडायलाच आलं. दुखत नाही म्हणूनच तर भीती. तिने आईला, अक्काला, दारात जमलेल्या चुलत्यांना पुन्हा सगळं सांगितलं. धमनी, शीर, जोड, थरथर. सांगताना तिला स्वतःलाच ऐकू येत होतं की आपण शाळेतल्या बाईसारखं बोलतोय आणि समोरचे वर्गातल्या पोरांसारखे खिडकीबाहेर बघतायत. एक चुलता म्हणाला, "शिकेल पोरीस्ले बठ्ठामा भेव दिखस." दुसरा हसला.

प्रेमराज हळूच म्हणाला, "ताई, तू वर्षातून एकदा येते आणि भांडण घेऊन येते. मांडलेली कानबाई सोडून मी कसा निघू? अंधार पडायच्या आत आरती आहे."

"मी मेसेज टाकला होता. तू अंगठा दिला होता."

"वाचला ना मी. मी कुठे बांगड्या भरल्या?"

पिहू रडत होती, दीपमालाने तिला उचललं आणि परसात नेलं. कामिनी वरवंटा हातात धरून उभी. सासुरवाशीण, दुसऱ्या कुळाची, रोटाचा घास नसलेली.

"अक्का," ती शेवटी म्हणाली, "एकच सांगा. तुम्हाला माहीत होतं, मग डाव्याच हातात का? उजव्या हातात हव्या तेवढ्या भरायच्या."

अक्काने पदराने तोंड पुसलं.

"हिना हात मोकया दिखस ते लोके काय इचारतस, तुले मालूम शे? वना बरा शे ना, इचारतस." तिचा आवाज खाली आला. "दिवाई झाई की मना भाऊ तठे टेबलवर झोपी. त्याना पोट फाडतीन. आनि हिना एक हात मोकया. माले झोप येत नही, पोरी. म्हनीसन भऱ्यात मी. दाट भऱ्यात, एक भी फुटाले नको म्हनीसन."

कामिनीचा हात खाली आला. अक्काला आईच्या हाताशी देणंघेणं नव्हतं असं तिला वाटत आलं होतं. आणि अक्का तर त्या बांगड्यांत आपला भाऊ बांधून ठेवत होती. तिच्यावर चिडायलाही आता नीट जागा उरली नाही, आणि त्यामुळे कामिनी आणखीच चिडली. कारण मनगट तर थंडच होतं.

वनानाना इतका वेळ पिकअपजवळ उभे होते. ते आत आले. बोलणारा माणूसच नव्हे. दाराच्या मागे खुंटीला अडकवलेली पक्कड त्यांनी घेतली आणि बायकोसमोर मांडी घालून बसले.

"वना," अक्का म्हणाली.

"अक्का, मी जित्ता शे ना? मना नावन्या बांगड्या शेतस ना ह्या? मंग मीच वाढावस."

त्यांनी सुगंधाबाईंच्या मनगटावर ओलं फडकं गुंडाळलं. फडक्याखालून एकेक बांगडी पकडीत धरून ते दाबत गेले. प्रत्येक वेळी सुपारी फुटल्यासारखा बारीक आवाज. सुगंधाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. नवऱ्याने, जिवंतपणी, स्वतःच्या हाताने बायकोच्या बांगड्या फोडणं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. कुणी हसलं नाही. शेवटी नानांनी लाल नाडा कात्रीने कापला. मनगटावर त्याचा वळ उठला होता. काचेचे तुकडे अक्काने एकेक करून वेचले आणि पदराच्या गाठीत बांधले.

"चाल, प्रेम्या," नाना म्हणाले. "चावी आन."

प्रेमराजने चावी आणली.

सजवलेल्या पिकअपमधूनच ते धुळ्याला गेले. माळा काढायला कुणी थांबलं नाही. पुढे प्रेमराज, सुगंधाबाई आणि नाना, मागे केळीच्या खांबांत कामिनी, पिहू, आणि न बोलावता चढून बसलेली अक्का. नेरच्या फाट्यावर दोन बायकांनी गाडीला हात जोडले, त्यांना वाटलं आत कानबाई आहे. कामिनीने काचेतून पुढे बघितलं. आई डावा हात मांडीवर घेऊन बसली होती, झोपलेलं मूल धरावं तसा.

कुवर डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभेच होते. गाडीवरचा झेंडू बघून म्हणाले, "वरात घेऊन आलात?" पण सुगंधाबाईंच्या मनगटाला हात लावल्यावर त्यांची थट्टा गेली. ते आत गेले, दार लागलं.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या पाठीला घामाने सदरा चिकटला होता. "गाठ काढली," ते म्हणाले. "जोडाची जागा खराब झाली होती, ती सोडली. जरा वर नवा जोड दिला. लागतेय थरथर. पण पहिल्यासारखी नाही. आणि ऐका, वर-वर सरकायलाही हात संपतो. कोपराच्या खाली मला आता परत जोड देता येणार नाही, जागाच नाही. ज्यांनी कुणी बांगड्या भरल्या त्यांना सांगितलं होतं का तुम्ही?"

कामिनी म्हणाली, "नाही."

डॉक्टर हात धुवायला वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिने अक्काचा हात धरून तिला आत नेलं. आईच्या पट्टीच्या वर, डॉक्टरांनी दाखवलेल्या जागी, अक्काची दोन बोटं ठेवली. अक्काने डोळे बारीक केले.

"मांजरनागत गुरगुरस," ती म्हणाली.

"ते गुरगुरणं बंद पडलं तर नानांची किडनी आईला लावायची वेळच येणार नाही, अक्का. तुमचा भाऊ पोट फाडून द्यायला तयार झाला, ते मग कुणासाठी?"

अक्काने बोटं जराशी सरकवून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मंग उजवा हातमा दुप्पट भरसूत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कामिनीला वाटलं, हेही कमी नाही.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आता नवरात्र आलंय. कामिनी जळगावला आहे आणि पिहूला दात येतायत, ताप उतरत नाही. योगराजच्या ड्युट्या तशाच उलट्यासुलट्या. ती रोज सकाळी फोन करते. "आई, हात बघितला?" "बघितला." "थरथर?" "आहे की." एवढं चटकन उत्तर येतं की बोटं ठेवायला वेळच मिळालेला नसतो, हे जळगावात बसून तिला कळतं. अक्काची तिला आता तेवढी काळजी नाही, अक्का राखण करते. पण अक्का नातीच्या बाळंतपणाला नंदुरबारला गेली आहे. आणि नेमकं चुलतभावाचं साखरपुड्याचं बोलणं चाललंय. परवा दीपमालाच्या तोंडून निसटलं, "आई म्हणत होत्या, चारचौघांत मोकळा हात बरा दिसत नाही, सोन्याचा एकच गोट घालते, सैलसा." कामिनीने ओरडून घेतलं. नंतर प्रेमराजचा फोन आला की ताई, बायकोला बोलू नको. मग नानांना लावला, ते शेतात होते, रेंज नव्हती. आज सकाळपासून आईचा फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही. वाजून वाजून बंद पडतो. कदाचित चार्जिंगला लावून त्या देवळात गेल्या असतील. कदाचित.

म्हणून कामिनीचं तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही हे वाचताय, आणि त्या हायवेने तुमचं जाणं होत असेल, सुरतेकडे, नवापूरकडे, कुठेही, तर साक्रीत जरा उतरा. नदीच्या पुलाअलीकडे भाजीच्या पिकअपवाल्या प्रेमराजचं घर कुणीही दाखवील. पिकअपच्या आरशाला अजून वाळलेला झेंडू लटकतो. आत जा, सुगंधाबाईंना म्हणा कामिनीने पाठवलंय. त्या उजवा हात पुढे करतील. तुम्ही डावा मागा. गोट असेल तर काढायला लावा, लाजू नका. मग मनगटाच्या वर, जुन्या वळाच्या वर, दोन बोटं अलगद ठेवा आणि थोडं थांबा. गुरगुर लागली तर बसा, त्या चहा चांगला करतात. नाही लागली तर चहाला थांबू नका, कुणाचं ऐकूही नका. पक्कड दाराच्या मागे खुंटीला आहे, आणि धुळे तासाभरावर.